दुकानात सगळ्यात शेवटी या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी वाद्य कसं निवडावं यावर पानभर मजकूर होता. सोबत चौकटीत एक चाचणी. मूल चंचल असेल तर तबला, शांत असेल तर सतार, लाजाळू असेल तर बासरी, आणि चारचौघांत पुढे पुढे करणारं असेल तर ड्रम. दोनच दिवसांत ती चौकट मोबाइलमध्ये घेऊन एक जोडपं माझ्याकडे आलं. मुलगा सहा वर्षांचा. चाचणीत त्याला सतार आली होती.

मी सांगलीत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो, तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, बसवून देतो, जमेल तशी विक्रीही करतो. वडीलही हेच करायचे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे, तरी लिहितो. वाद्य घ्यायचं असेल तर दुकानात सगळ्यात शेवटी या. आई-वडील दारातून आत येतानाच विचारतात, ‘कोणतं घेऊ?’ मी उलट विचारतो, घरापासून जवळ कोण शिकवतं? ते वाद्य पोराच्या हातात मावतं का? आणि ते सुरात कोण ठेवणार? एवढं कळलं की निम्म्याहून जास्त वाद्यं आपसूक गळतात. उरलेल्या एक-दोनांत पोराला विचारायचं, आणि ते सांगेल ते खुशाल घ्यायचं.

स्वभावावरून वाद्य ठरवणाऱ्यानं तबल्याच्या क्लासात एक तास बसून पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. तबला म्हणे चंचल मुलाचा! पहिले कित्येक महिने मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, एका बोटानं ‘ना’ काढत बसायचं असतं. मग ‘धा धा ते टे धा धा तू ना’ हा कायदा, म्हणजे बांधलेली बोलांची रचना, तोही ठाय, म्हणजे संथ लयीत. पोराला पळायची घाई, गुरुजी दुप्पट करू देत नाहीत. इतकं बसायला लावणारं वाद्य चंचल पोराला, आणि का, तर तो ताटावर चमचे वाजवतो म्हणून. ताट प्रत्येक पोर वाजवतं.

त्या सहा वर्षांच्या मुलाचं सांगतो. मिरजेला दुरुस्तीसाठी पाठवायची म्हणून एक सतार माझ्याकडे ठेवलेली होती. मुलाला खाली बसवलं आणि ती त्याच्या मांडीवर दिली. मोठ्या माणसाची सतार म्हणजे चार फुटांच्या आसपास. उजवं कोपर भोपळ्यावर टेकवून ती सावरायची आणि डाव्या हातानं पडदे धरायचे. त्याचं कोपर भोपळ्यावर टेकलं की डावा हात दांडीच्या अर्ध्यावर संपत होता. आईनं तेवढ्यात फोटो काढला. वडिलांना मात्र कळलं. ते म्हणाले, “छोटी मिळते का?” मिळते. मिरजेचे कारागीर लहान मापाची सतार करून देतात, बिनतरफेची, म्हणजे खालच्या गुंजणाऱ्या तारा नसलेली, साधी सतारही देतात. शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे येऊन वाळतात, चिरले जातात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ती माणसं ऑर्डर घेताना वाजवणाराचं वय आणि बसायची पद्धत विचारतात. मोबाइलवर बटण दाबून मागवलेली सतार काही विचारत नाही.

पण लहान सतार मिळाली तरी प्रश्न सुटत नाही. सतारीला वरच्या सहा-सात तारा, खाली तरफेच्या अकरा ते तेरा. हवा बदलली की त्या उतरतात. घरात कुणालाच सा कळत नसेल तर या तारा लावणार कोण? शिकवणारे आठवड्यातून दोनदा लावून देतील, मधले पाच दिवस पोर बेसूर तारांवर बसेल. त्याचा कान कोवळा असतो, जे ऐकतो ते खरं मानतो. म्हणून मी म्हणतो, ज्या घरात सतार लावणारं कुणी नाही आणि शिकवणारा शेजारच्या गल्लीत नाही, त्या घरानं सहा वर्षांच्या पोराला सतार देऊ नये. दहाव्या-अकराव्या वर्षी द्या, तेव्हा ते स्वतः खुंटी पिळायला शिकेल.

बासरीचं उलट आहे. ती लावायची नसतेच. बांबू जेवढा कापला आणि भोकं जिथे पाडली तिथे तिचा सूर कायमचा ठरला. स्वस्तही आहे, काहीशे रुपयांत शिकण्याजोगी मिळते. पण लोक मैफलीत बघतात ती लांबलचक बासरी आणि तीच मागतात. पन्नालाल घोष यांनी बासरी लांबवून, तिचा आवाज खाली आणून तिला रागदारीत बसवलं, ते मोठ्या माणसाच्या हातासाठी. अडीच फुटी बासरीवरची भोकं सात वर्षांच्या मुलाच्या बोटांत मावत नाहीत. एका भोकातून जरी वारा निसटला तरी सूर फाटतो. पोराला वाटतं आपल्याला फुंकता येत नाही. खरं तर त्याची फुंक बरी असते, बोटं पुरत नाहीत. लहान बासरी घ्यावी, चढ्या सुराची असली तरी चालेल, आणि हात वाढले की बदलावी. एवढी स्वस्त बदली दुसऱ्या कुठल्या वाद्यात नाही.

व्हायोलिन तर मापानंच विकतात. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. त्याहून लहानही असतात. खांद्यावर ठेवून मुलानं हात पुढे लांब केला की वाद्याचा गोल डोक्याकडचा भाग तळहातात आला पाहिजे. पूर्ण माप ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेणारे पुष्कळ, जसं शाळेचा गणवेश दोन वर्षं पुढचा शिवतात. गणवेशाची बाही दुमडता येते. आणखी एक गोष्ट लोक विचारत नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकवणारे मुलाला उभं करून हनुवटीखाली व्हायोलिन धरायला लावतात; आपल्याकडे रागदारी वाजवणारे मांडी घालून बसतात, वाद्याचं डोकं पायावर टेकवतात, आणि तारा लावायची रीतही वेगळी. म्हणजे शिकवणारा ठरल्याशिवाय पोरानं बसायचं की उभं राहायचं हेच ठरत नाही. तरीही खोक्यासकट व्हायोलिन आधी घरी येतं.

आता तबल्याकडे वळतो, कारण ऑनलाइन आलेल्या तबल्यांनी माझं दुकान भरलंय. त्यांच्या जाहिरातीत लाकूड असतं, डग्ग्याचा पितळी चकचकाट असतो, सूर नसतो. तबल्याच्या तोंडाच्या मापावर तो कुठे बोलेल हे ठरतं. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबात साधारण सव्वापाच इंचाचं तोंड काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास लागतं, सहा इंचाचं खाली पांढरी सहा-काळी पाचकडे. क्लासातली पेटी आणि गाणारी मुलं कुठल्या पट्टीत आहेत ते गुरुजींना विचारून मग माप घ्यायचं. एखाद-दुसरा सूर वर-खाली करता येतो. त्यापलीकडे ताणलं की पुडी फाटते, नाहीतर आवाज दगड होतो. एका वडिलांनी व्हिडिओ बघून घरच्या बत्त्यानं गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकले होते. वादी, म्हणजे पुडी ताणणारी चामड्याची पट्टी, तुटली, गजरा, म्हणजे पुडीभोवतीची वेणी, एका बाजूला बसला आणि बाईंनी बत्ता दिल्याबद्दल बोलणी खाल्ली. मला त्यांचं कौतुक वाटलं, निदान सूर उतरलाय हे तरी त्यांना ऐकू आलं. गठ्ठ्यानं मोठा फरक करायचा आणि गजऱ्यावर हातोडीनं बारीक, एवढं गुरुजी दहा मिनिटांत शिकवतात. ज्यांना तेही नको त्यांनी नट-बोल्टचा तबला घ्यावा. जाणकार नाक मुरडतील, पण पान्यानं सुरात आणता येतो आणि पहिल्या दोन वर्षांना पुरतो.

पावसाळ्यात पुडी ओल धरते, सैल पडते, सूर खाली येतो. उन्हाळ्यात ताणते. जूनमध्ये क्लास लावणाऱ्यांचे निम्मे तबले जुलैत ‘बिघडतात’. त्यातले बहुतेक बिघडलेले नसतात. कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, घामट हातानं वाजवू नका, आणि शाईवर पाणी पडू देऊ नका. शाई म्हणजे रंग नव्हे. लोहकिटाची भुकटी आणि खळ कालवून एकावर एक थर देऊन, प्रत्येक थर दगडानं घासून ती बसवलेली असते. पोरं नखानं खरवडतात, आणि मग पालक विचारतात, रंग मारून मिळेल का.

पेटीबद्दल मी जास्त लिहिणार, ते माझं पोट आहे.

पहिल्या दिवसापासून पोराच्या कानावर सूर पडावा आणि घरात लावणारं कुणी नसावं, अशा घराला पेटीसारखं वाद्य नाही. तिचे सूर आम्ही एकदा घासून लावले की वर्षानुवर्षं राहतात. तिच्याविरुद्ध बोलणारे थोडे नाहीत. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला बंदी घातली होती. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) नाहीत, परकी आहे, असे तीन आरोप. त्या काळातही आमच्या नाटकवाल्यांनी आणि कीर्तनकारांनी ती सोडली नाही. गोविंदराव टेंबे, पुढे अप्पा जळगावकर, बोरीचे तुळशीदास बोरकर, ही माणसं त्याच परक्या खोक्यातून गात होती. आरोपांपैकी श्रुतींचा खरा आहे, हे पेटीवाला असून मी कबूल करतो. पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली ती यासाठीच. सहा-सात वर्षांच्या पोराला त्याची गरज नाही. आठवड्यातून थोडा वेळ पेटी बंद ठेवून नुसत्या तंबोऱ्याबरोबर त्याला गायला लावा, पुरे. तंबोरा मोबाइलवर फुकट मिळतो. मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

नवीन पेटी घेताना लोक कव्हर बघतात, नक्षी बघतात, स्टॉपर, म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या, मोजतात. जितके स्टॉपर तितकी पेटी भारी, अशी समजूत आहे. शिकणाऱ्या मुलाला खर्ज आणि नर अशा दोन सुरांची, म्हणजे आतल्या पितळी पात्यांच्या दोन ओळींची, साडेतीन सप्तकाची साधी पेटी भरपूर झाली. स्केल चेंजर नको. त्यात अख्खी पट्टीची फळी सरकते, वजन वाढतं, किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि बिघडली तर गावात उघडणारा मिळत नाही. शिवाय पोराला बसल्या जागी सरकवून सा बदलायची सवय लागते. पट्टी बदलली की बोटं बदलायची, हा अभ्यासच त्यातून जातो.

जुनी पेटी मिळत असेल तर माझ्या मते तीच घ्या, पण बघून. सगळे स्टॉपर बंद करा, भाता उघडा आणि पट्टी न दाबता भाता दाबा. हाताला टणक लागला आणि हळूहळू बसला तर वारा धरतो. फुस्सकन बसला तर कातडं गेलंय किंवा कुठेतरी फट आहे. मग स्टॉपर उघडा, पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपला आपणच गुणगुणत राहिला तर पट्टीखालचं झाकण नीट बसत नाही. हे छोटं काम आहे, घाबरू नका. मग अगदी हलक्या वाऱ्यावर खालून वरपर्यंत एकेक पट्टी दाबा. उशिरा बोलणारा किंवा घरघरणारा सूर लक्षात ठेवा. दोन सूर एकमेकांशी जुळलेले नसले तर आवाजात थरथर येते. विकणारा तिला गोडवा म्हणेल. शेवटी मागची फळी काढून आत बघा. झुरळांनी फेल्ट खाल्लेलं दिसेल, उंदरानं भात्याची घडी कुरतडलेली दिसेल. त्यानं पेटी मरत नाही. सूर, म्हणजे त्या पात्या, पितळी असतात, आपल्याकडे बहुतेक भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याहून येतात. जुन्या पेट्यांत कधी जर्मन सापडतात. सूर शाबूत आणि लाकूड पिचलेलं नाही, एवढं असेल तर बाकीचं सगळं बदलता येतं. आजोबांची पेटी माळ्यावर टाकून नवी घ्यायला आलेल्यांना मी परत पाठवतो. काही रागावतात, त्यांना वाटतं मला विकायचंच नाही.

कीबोर्डवर माझा राग आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात. पूर्ण राग नाही. ज्यांच्या घराची भिंत शेजाऱ्याची भिंत आहे आणि शेजारी रात्रपाळीचा आहे त्यांनी हेडफोनचा कीबोर्ड घ्यावा, उगाच भांडणं नकोत. माझा आक्षेप त्या बटणांना आहे. एक बटण दाबलं की ढोल, बास, गिटार सगळे सुरू, आणि पोर एका बोटानं वरून चाल वाजवतं. पाहुणे टाळ्या वाजवतात. पुढच्या आठवड्यात पोराला सा रे ग म कंटाळवाणं वाटू लागतं, आणि मग म्हणायचं, त्याला संगीताची आवडच नाही. कीबोर्ड घेतलाच तर पट्टी हळू दाबली की हळू आणि जोरात दाबली की जोरात वाजते की नाही, हे तपासा. तसं होत नसेल तर ते खेळणं आहे.

दुसरा प्रश्न मला ऐकावा लागतो तो परीक्षांचा. “कुठल्या वाद्यात परीक्षा लवकर होतात?” दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून आठवीतली पोरं अचानक संगीतप्रेमी होतात. मला गुणांचं वावडं नाही. गावोगावी परीक्षा झाल्या म्हणून गावोगावी क्लास निघाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा बऱ्या घरातल्या मुलांनी गाणं शिकणं हीच धाडसाची गोष्ट होती. आज प्रारंभिकचा, म्हणजे पहिल्या परीक्षेचा, फॉर्म भरताना कुणाला काही वाटत नाही ही त्यांचीच पुण्याई. पण प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी ती वाट वर्षांची आहे. आठवीत सुरुवात करून दहावीत गुण हवे असतील तर गुरुजी परीक्षेपुरतं पाठ करून घेतात, आणि दहावीच्या निकालानंतर तबला माझ्याकडे विकायला येतो. असे तबले माझ्याकडे उत्तम स्थितीत मिळतात. घ्यायचे असतील तर जूनच्या शेवटी या.

मुलींच्या बाबतीत एक सवय अजून गेलेली नाही. मुलगी असेल तर पेटी किंवा गाणं, मुलगा असेल तर तबला. मुलीनं तबल्यावर हात ठेवला की आई म्हणते, “हात खरखरीत होतील.” मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादनाच्या मैफली केल्या, तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. अनुराधा पाल आज देशोदेशी वाजवतात. हे मी सांगतो तेव्हा आया हसून ऐकतात आणि पेटीची किंमत विचारतात. मनगट मोकळं आणि बोट स्वतंत्र, एवढंच तबल्याला लागतं, हे कुणीही तबलजी सांगेल.

आणि आता ज्याबद्दल पुरवणीत अवाक्षर नव्हतं ते. एक दहा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर गिटार घ्यायला आला होता. वडील गिटारी बघत होते, मुलगा दुरुस्तीच्या फळीवरच्या संबळाकडे. एका गोंधळ्याचा तो संबळ, कातडं बदलायला आलेला. चुलत्याच्या लग्नात गोंधळ ऐकून पोरानं घरी तगादा लावला होता. मी म्हटलं, ज्याचा संबळ आहे तो माणूस उद्या येणार आहे, भेट घालून देतो. वडील आवाज खाली घेऊन म्हणाले, “ते आपल्यात वाजवत नाहीत.” गिटार मात्र त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आले असावेत.

हलगी, संबळ, सनई, दिमडी यांचं नाव या चाचण्यांत कधी येत नाही. कारण कुणी उघड सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. सनई देवळाच्या नगारखान्यात आणि लग्नाच्या मांडवात होती. उस्ताद बिस्मिल्ला खाँ ती मैफलीत घेऊन गेले, २००१ मध्ये भारतरत्न झाले, तरी ‘माझ्या मुलाला सनई शिकायचीय’ म्हणणारा बाप माझ्या दुकानात यायचाय. सोलापूरला जाधव घराण्यानं सुंदरीसारखं, सनईच्याच जातीचं पण लहान, नाजूक वाद्य हातातून सुटू दिलं नाही. आपल्या मुलाला ते ऐकवायला तरी किती जण नेतात? त्या मुलानं गिटार घेतली. वाजवत असेल, असो.

वाद्याची निवड खरी कुठे होते, हे मी बहिणीच्या घरी पाहिलं. ती गोव्यात दिलेली, म्हापशाजवळ. चवथीच्या दिवसांत आरत्यांना घुमट निघतो. मातीचं भांडं, एका तोंडावर कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण पोरांना ते सरकारनं शिकवलेलं नाही. आठ-नऊ वर्षांचा भाचा काकांच्या शेजारी बसतो, समेळ या साथीच्या तालवाद्याचा ठेका ऐकतो, झांज धरतो, पुढच्या वर्षी कुणीतरी घुमट त्याच्याकडे सरकवतो. त्याला कुणी विचारलेलंच नाही की तुला काय आवडतं. आमच्याकडे देशावर पखवाजाचं तसंच आहे. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. अजूनही गावोगावची पोरं तिथे आणि तशाच ठिकाणी जाऊन भजन-कीर्तनाच्या साथीला मृदंग शिकतात. डाव्या पुडीला कणीक लावायचं काम आधी त्यांच्याकडे येतं, बोल नंतर. ज्या घराजवळ सप्ताह होतो, भजनी मंडळ बसतं, त्यांनी चाचण्या सोडवू नयेत. संध्याकाळी पोराला तिथे नेऊन बसवावं आणि आपण गप्प बसावं.

शहरातल्या सोसायटीत भजनी मंडळ नसेल तर क्लास तरी बघून या. शिकवणाऱ्याला विचारून पोराला कोपऱ्यात तास-दोन तास बसू द्या, एका नव्हे, दोन-तीन ठिकाणी. बघा, शिकवणारा स्वतः वाजवून दाखवतो की मोबाइलवर बोट फिरवत ‘पुन्हा कर’ म्हणतो. थोडी मोठी मुलं तिथे टिकलीत की सगळी पहिल्याच वर्षातली आहेत. क्लासात जास्तीचा तबला किंवा पेटी असेल तर पहिले काही महिने तिच्यावरच भागवा. चांगले गुरुजी लगेच घ्यायला सांगतच नाहीत.

परदेशातले आजी-आजोबा, म्हणजे नातवंडं परदेशात असलेले, माझ्याकडून पेटी बांधून नेतात. अमेरिकेच्या थंडीत घरं आतून तापवलेली, हवा इतकी कोरडी की लाकडाचे सांधे उकलतात, तबल्याच्या पुड्या तडकतात. पेटी न्यायची असेल तर ती ठेवणार त्या खोलीतल्या हवेची काळजी घ्या, आणि आधी विचारा की तिथे शिकवणारं कुणी आहे का. मराठी मंडळात मिळतात बऱ्याच ठिकाणी. नसेल आणि त्यांच्या शाळेतच व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट शिकवत असतील, वाद्य भाड्यानं मिळत असेल, तर तेच शिकू द्या. सोबत पन्नास पोरं वाजवताहेत, मापाचं वाद्य आहे, बदलूनही मिळतं. आजीनं तिथे ‘आपलं’ वाद्य म्हणून हट्ट धरू नये. आपलेपणा सुट्टीत इथे आल्यावर भजनाला नेऊन दाखवता येतो.

संपादक महाशय, शेवटी एक विनंती आपल्याला आणि एक शाळांना. आपल्या पुरवणीनं पुढच्या वेळी चाचणीऐवजी आपल्या जिल्ह्यात कुठे कोण काय शिकवतं याची तालुकावार यादी छापावी. खेड्यातले शिकवणारे धरून, संबळ-हलगीवाले धरून. ती यादी मी दुकानात लावून ठेवीन.

शाळांना सांगायचं ते असं. बहुतेक जुन्या शाळांत प्रार्थनेची पेटी आणि तबल्याची जोडी कपाटात असते. संगीताचे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही, कपाटाला कुलूप लागलं. त्या वाद्यांवर सुट्टीत पाच-सहा पोरं बसली तरी कुणाच्या बापाला आधी खरेदी करावी लागणार नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आणावीत. मजुरी घेणार नाही; कातडं, फेल्ट आणि पुडीचे जे काय पैसे होतील तेवढे द्यावेत. पेटी आणताना आडवी पाडू नका आणि झाकणाची किल्ली बरोबर आणा. मागे एका शाळेची पेटी आली, किल्ली हेडमास्तरांच्या घरी आणि हेडमास्तर चारधामला.

आपला,
एक पेटी दुरुस्त करणारा, सांगली
(नाव छापू नये ही विनंती)